म्हांकूआबांची कोंबडी आणि आटपाडीचा गरुड

तीस वर्षं मी नाशिकला चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासले. त्यामुळे समोर माणूस आला की मी आधी त्याच्या बाहुल्या बघते, नाव-गाव मागाहून विचारते. दुकान सुटलं तरी ही खोड सुटलेली नाही. म्हणून गेल्या पौषात मी शिकारी पक्षी बघायला साताऱ्या-सांगलीकडे निघाले, तेव्हा घरच्यांना आश्चर्य वाटलं नाही. सून एवढंच म्हणाली, "आई, गरुडाचा नंबर काढून आणा."

रहिमतपूर

माझी धाकटी बहीण शालन रहिमतपूरला दिली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं डोंगरमाथ्यावरच्या चौक्यांवर दुर्बीण लावून पलीकडचं बघण्यात गेली. आता पलीकडे बघण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ते पाखरं बघतात. शालनच्या मते उसाला पाणी पाजायचं टाळण्यासाठी त्यांनी काढलेली ही युक्ती आहे. मला आमंत्रण त्यांचंच होतं. फोनवर म्हणाले, "आक्का, जल्मभर मान्सांचं अधू डोळं बघितलंसा. एकदा चांगला डोळा बगायला या की."

आमच्याकडे पाहुण्याला 'जेवणार ना?' असं विचारतात. इकडे ताट वाढून झाल्यावर 'कवा आलाय?' विचारतात. पोचल्या दिवशी शालननं मटण केलं होतं आणि मी तांबडा रस्सा दोन वाट्या भरून प्याले. हे मी उगाच सांगत नाहीये, या दोन वाट्या पुढे मला नडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी घराच्या मागच्या विजेच्या तारेवर बसलेली कापशी घार दाखवली. कावळ्याहून लहान, पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा पट्टा आणि डोळे लालबुंद. तिला बघताच मला माझं दुकान आठवलं. गिऱ्हाइकाला मी सांगत असे, मान हलवू नका, नुसते डोळे फिरवा. कापशीला हे सांगून उपयोग नाही, कारण तिचा डोळा कवटीत इतका मोठा आणि घट्ट बसलेला असतो की तो फारसा फिरतच नाही. इकडे-तिकडे बघायचं तर मानच वळवायची. शिकार दिसली की मग ती मुंडी वर-खाली करते. एकच वस्तू दोन उंचीवरून बघितली की अंतराचा अंदाज येतो, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. कापशीनं असाच अंदाज घेतला, हवेत झेपावून एका जागी पंख मारत राहिली, थोडी खाली आली, थांबली, पुन्हा थोडी खाली आली आणि एकदम गवतात पडली. वर आली तेव्हा पायात उंदीर होता.

"बघितलं?" दाजी असे म्हणाले, जणू उंदीर त्यांनीच पकडला होता.

माणचा माळ

दहिवडी सोडली की झाडं कमी होत जातात आणि आभाळ वाढत जातं. उसाचं हिरवं मागं पडून पिवळं गवत आणि खडी सुरू होते. दाजींच्या जुन्या जीपचं एक चाक इथंच पंक्चर झालं. ते चाक बदलत होते तोवर मी मोठ्या ऐटीत गवतात जाऊन बसले आणि साडीभर कुसळं घेऊन उठले. पुढचे दोन दिवस ती काढत होते.

पण त्या बसण्यात एक गोष्ट दिसली. पारव्याएवढा, विटकरी पाठीचा एक ससाणा वाऱ्याकडे तोंड करून हवेत थांबला होता. दाजींच्या पुस्तकात त्याचं नाव खरूची आहे. पंख थरथरत होते, शेपटी उघडत-मिटत होती, आख्खं अंग वाऱ्यावर हलत होतं, आणि डोकं? मी समोरच्या बाभळीचा एक काटा आणि त्याचं डोकं एका रेषेत धरून बघितलं. डोकं तसूभर हलत नव्हतं. डोळा स्थिर नसेल तर वीस पुरुष उंचीवरून गवतातला नाकतोडा दिसणार कसा? आपल्या डोळ्याच्या पडद्यावर अगदी स्पष्ट दिसण्याची जागा एकच असते. या ससाण्यांना तशा दोन असतात, एक समोरचं बघायला आणि एक बाजूचं. वर भुवईचं हाड पुढे आलेलं, म्हणजे ऊन अडवायला टोपीची झडपही निसर्गानंच दिलेली. मला माझ्या धंद्याचा थोडा रागच आला. आम्ही काचा घासघासून जे करायला बघतो ते या पाखराला फुकट मिळालेलं आहे.

"आक्का, चाक बसलं. चला, उद्याची मोहीम मोठी हाय," दाजींनी हाक मारली. उद्या ते मला असा माणूस दाखवणार होते, ज्याची नजर या ससाण्याहून तिखट होती.

आटपाडीच्या अलीकडे

त्या माणसाचं नाव म्हांकूआबा. पंचाहत्तरीचे धनगर. तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी आणि डोळ्यांवर काळाभोर गॉगल. मुलगा कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात असतो, गॉगल त्यानं पाठवलेला. घरी थोडं डाळिंब आहे, पण आबांचा जीव मेंढरांत. साठ-सत्तर मेंढरं घेऊन ते आणि त्यांची सून हिराबाई माळावर तळ टाकून होते. हिराबाई चाळिशीतली, काटक, कमी बोलणारी. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं सरकला तेव्हा दिसलं की तिचे केस माझ्याहून पांढरे आहेत. माझे रंगवलेले असतात हा भाग वेगळा.

मेंढ्या नुकत्याच व्यायलेल्या होत्या. पाच-सहा दिवसांची कोकरं बांबूच्या मोठ्या डालग्याखाली झाकून ठेवायची आणि आयांना पाजायच्या वेळी सोडायची, अशी पद्धत. कोकरं बाहेर असली की धास्ती दोन गोष्टींची, लांडगा आणि गरुड. तळाभोवती एक कुत्रं होतं आणि एक कोंबडी. धनगर तळ हलवतात तेव्हा भांडीकुंडी, कोकरं, कोंबड्या सगळं घोड्यावर लादून नेतात. या तळावर आता एकच कोंबडी उरली होती. ठिपक्याठिपक्यांची, म्हातारी, नाव भिंगरी. आबा बसतील तिथं ती त्यांच्या पायाशी माती उकरत असायची.

आम्ही मेंढीच्या दुधाचा दाट चहा पीत बसलो होतो. आबा मध्येच म्हणाले, "वर हाय. गरुड. हिरा, कोकरं झाक."

हिराबाई उठलीसुद्धा. दाजींनी दुर्बीण लावली, आभाळ चाळलं, मग बऱ्याच वेळानं त्यांना एक ठिपका सापडला. पिंगट गरुड, पंख न हलवता घिरट्या घालणारा. मला तर ठिपकाही दिसला नाही.

"न्हाई, मला हे पटतच न्हाई!" दाजी मांडीवर हात मारत म्हणाले. "आबा, तुमी आमच्या पलटणीत पायजे हुता."

आबा हसले. त्या दिवशी असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा आबा बरोबर. आम्ही मुक्कामाला आटपाडीत परतलो तेव्हा दाजींनी दुर्बीण न पुसताच पेटीत टाकली. फार मनाला लागलं होतं त्यांना.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. आबा कप घेताना अंगठा आत घालून धरत. हिराबाई त्यांची काठी दर वेळी त्याच दगडाच्या उजव्या अंगाला टेकवून ठेवी. आणि 'वर हाय' म्हणताना आबांनी मान वर केलेली मला एकदाही दिसली नव्हती.

भिंगरी

दुसऱ्या दिवशी दाजी मेंढरांमागं हिराबाईबरोबर ओढ्याकडे गेले. मी आणि आबा तळावर. वाऱ्याची वावटळ आली, आबांनी गॉगल काढून डोळे पुसले, आणि माझी खोड कामाला आली. दोन्ही बाहुल्या दुधाळ. पिकून पांढरा झालेला मोतीबिंदू.

"आबा," मी म्हटलं, "तुम्हाला मी दिसते का?"

त्यांनी गॉगल पुन्हा चढवला. मग म्हणाले, "सावली दिसती. बाई हाय एवडं कळतं."

"आणि गरुड?"

त्यांनी हात खाली नेला. भिंगरी आपणहून हाताखाली येऊन उभी राहिली. "गरुड हिला दिसतो. मला ही ऐकू येती. घार असली तर नुस्तं घशात कुरकुरती. गरुड आला की बारीक लांब सूर काढती आन जागच्या जागी दगड हुती. कुत्रं, मुंगूस असलं तर कॉक कॉक करून गाव गोळा करती. लय शानी हाय."

मग मी भिंगरीकडे नीट बघितलं. तिचे डोळे दोन बाजूंना, म्हणून वरचं बघायचं तर ती मान तिरकी करून एकच डोळा आभाळाला लावायची. आबा त्या तिरक्या मानेच्या आणि त्या बारीक सुराच्या भरवशावर सत्तर मेंढरं सांभाळत होते. तिखट नजरेचा सगळा बोलबाला या म्हातारीचा होता. मला हसू आलं.

"हिराबाईला माहीत आहे?"

"न्हाई! आन तुमीबी सांगायचं न्हाई." आबांनी कनवटीची पिशवी सोडून भंडारा माझ्या कपाळाला लावला. "घ्या आन. तिला कळलं की मला घरात बशीवल. एकटीला जमनार न्हाई, मग मेंढरं इकावी लागतील. दवाखान्यात गेलो तर डोळ्यात सुरी घालत्यात म्हनं. डोळा गेला तर? आता निदान हिरा सावलीगत तरी दिसती."

मी पुष्कळ समजावलं. तीस वर्षांत ऑपरेशनला घाबरणारी माणसं मी शेकड्यांनी बघितली, शब्द माझ्या तोंडात तयार असतात. पण आबा ऐकेनात. कपाळावर भंडारा लावून शपथ घेतलेली, त्यामुळे मलाही तोंड बंद ठेवणं भाग होतं. संध्याकाळी आटपाडीत परतल्यावर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं प्याले, पण चव लागली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्हाला निरोप घ्यायचा होता. तळावर पोचलो तर हिराबाई दगडावर सुरी घासत बसलेली.

"आवं आक्का, बरं झालं लवकर आला," ती म्हणाली. "पाव्हण्यास्नी दोन दिस नुस्ता च्या पाजला. आज भिंगरी कापती. तशीबी आता अंडी देत न्हाई."

आबा दगडावर बसले होते. त्यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. पाहुण्यासाठी कोंबडी कापू नको असं कुठला यजमान कसं म्हणणार? आणि का नको, हे तरी कसं सांगणार?

म्हणून मी म्हटलं, "हिराबाई, नको गं. मी मटण-कोंबडी खात नाही."

"आँ?" दाजी वळून बघायला लागले. "आक्का, त्या दिशी दोन वाट्या तांबडा रस्सा कुनी प्याला?"

"आज माझा उपवास आहे," मी दाजींकडे डोळे वटारून म्हटलं. "गुरुवारचा."

"आज बुधवार हाय," हिराबाई शांतपणे म्हणाली आणि भिंगरीला पाय धरून तिनं उचललं. भिंगरी उलटी लटकून पंख फडफडवत होती. हिराबाई माझ्याकडे बघतच नव्हती. सासऱ्यांना ती मामा म्हणते. तिनं विचारलं, "मामा, कापू का?"

आबांचा हात पायाशी भिंगरीला चाचपत राहिला. आम्हा चौघांचंही लक्ष त्या कोंबडीवर होतं. वर बघणारं कुणीच नव्हतं.

डालग्यातून सुटलेली चार कोकरं पंधरा-वीस पावलांवर चरणाऱ्या आयांमागं गेली होती. सूर्य टेकडीच्या माथ्यावर आला होता, आणि गरुड त्या उन्हाच्या बाजूनं, जमिनीला घासत आला. मला फक्त सावली दिसली. पंखांचा सपकन आवाज, मेंढरांची पळापळ, कोकराचा बारीक ओरडा. हिराबाईनं कोंबडी टाकली आणि सुरी घेऊन बोंबलत धावली. कुत्रं उशिरा जागं झालं. गरुडानं कोकरू हातभर उचललं होतं, ते सोडून दिलं आणि तीन-चार जड पंख मारून तो वर चढला. तेवढ्यात त्यानं एकदा मान वळवून आमच्याकडे बघितलं. ते पिवळट डोळे आणि वरची ती रागीट भुवई मला पहिल्यांदाच जवळून दिसली. एरवी मी हरखून गेले असते.

"कुठनं आला? हिरा, कुठनं आला?" आबा उभे राहून ओरडत होते. त्यांचं तोंड ओढ्याकडे होतं. गरुड, कोकरू आणि हिराबाई सगळे त्यांच्या पाठीमागे होते.

दाजींच्या हातातली दुर्बीण हळूहळू खाली आली. त्यांना सगळं कळलं होतं.

हिराबाई कोकराला पोटाशी धरून परत आली. कोकराच्या पाठीवर दोन ओरखडे होते, बाकी ठीक. तिनं जखमेवर भंडारा दाबला, आबांना खांद्याला धरून वळवलं आणि खाली बसवलं.

"मामा, दोन वरसं झाली मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी कोंबडीकडं कान लावून बसताय आन मी तुमच्याकडं डोळं लावून. मेंढरं वळू का तुमास्नी वळू?"

आबांचा गॉगल पडला होता. ते म्हणाले, "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलायची वाट बगत हुते. म्हनलं, कोंबडीच्या पायी तरी तोंड उघडत्याल. कापनार न्हवती मी."

"मग सुरी कशाला घासलीस?"

"खोटं वाटाय नगं म्हनून."

दाजींना हसू फुटलं, मग मला, आणि शेवटी आबाही हसले, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भिंगरी मात्र रागावून जीपखाली जाऊन बसली होती. अर्ध्या तासानं आबा मला म्हणाले, "आक्का, तुमी हितनं सरळ नाशकाला जानार?"

"नाही," मी म्हटलं, "तुमच्याबरोबर दवाखान्यात येणार."

इस्लामपूर

हिराबाई मेंढरांपाशी राहिली. दाजींनी ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला आणि आम्ही तिघं इस्लामपूरकडे निघालो. माळ मागं पडला, ऊस सुरू झाला. आष्ट्याच्या अलीकडे तोडणी झालेल्या शेतात पाचट पेटवलं होतं आणि धुरावर तीस-चाळीस घारी फिरत होत्या. आबांना धुराचा वास आला. "घारी असतील," ते म्हणाले. "काय करत्यात? सांगा."

मी सांगायला लागले. एक घार उजवीकडून आली, शेपटी तिरकी केली, पेटत्या कडेला पळणारा उंदीर तिला दिसला असावा, पाय खाली सोडले, चुकली...

"चुकली न्हाई. दुसरीला वाट दिली असंल," आबा म्हणाले. पुढे मी नाकतोड्याला उंदीर म्हटलं तेव्हाही त्यांनी चूक काढली. शेवटी म्हणाले, "भिंगरी बरी सांगती तुमच्यापरीस."

ऑपरेशनच्या आधी त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. मी दारापर्यंत गेले. मीही घाबरले होते, हे आता लिहिते. लोकांना धीर देण्यात आयुष्य गेलं, पण आपण आणलेलं माणूस आत जातं तेव्हा तो धीर आपल्या उपयोगाला येत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. बराच वेळ नुसती पापणी उघडझाप. मग त्यांनी बोट वर केलं. "घार हाय. शेपूट मधी चिरल्यालं." बरोबर होतं. मग ते माझ्याकडे वळले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुमी एवड्या म्हाताऱ्या असाल वाटलं न्हवतं." मी डॉक्टरांसमोर पोट धरून हसले.

दाजी आबांना गॉगलसकट तळावर सोडायला गेले. मी इस्लामपुरातूनच नाशिकची गाडी धरली. पिशवीत हिराबाईनं आधीच बांधून दिलेली डाळिंबं होती आणि साडीत अजून दोन-तीन कुसळं.

चार दिवसांनी दाजींच्या फोनवरून आबा बोलले. दाजी परत आबांना बघायला तळावर गेले होते. मी आधी विचारलं, "आबा, गरुड दिसला का?"

"दिसला. लय लांबनं दिसला. भिंगरीच्या आदी." आवाजात ऐट होती. मग ती उतरली.

"आक्का," ते म्हणाले, "हिराचं डोस्कं पार पांढरं झालंय वो. गाल आत गेल्यात. कवा झालं हे? मला सावली दिसायची, मी आपलं समजत हुतो पोरगी हाय तशी हाय. कुनी सांगितलंच न्हाई."

मागून हिराबाईचा आवाज आला, "भिंगरीला इचारायचं हुतं की!" दाजी हसल्याचं ऐकू आलं. आबा हसले नाहीत.

"पोराला कोइमतूरला फोन लावलाय," ते म्हणाले. "सांगितलं, रजा घे आन ये. गरुड बगाया मी हाय. तू येऊन तुझ्या बायकूकडं बग."